चियांग माई नगरीतील सात दिवस : काय पाहावे आणि काय घेऊन येऊ नये

(परदेशप्रवासाची तयारी करणाऱ्या बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकील बंधूंनी दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी काही कुटुंबांनी एकत्र मिळून एखाद्या बौद्ध देशात आठवडाभर जाऊन येण्याचा बेत केला आहे. मी वकील असल्यामुळे पासपोर्ट, पावत्या आणि करार यांविषयी मी दोन शब्द सांगावे, अशी आपली सूचना आहे. ते मी सांगणारच आहे. पण कागद नीट करणे हा तयारीचा लहान भाग होय. आपण तेथे कशासाठी जाणार आणि परत येताना काय घेऊन येणार, याचा विचार घरून निघण्यापूर्वीच झाला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. हा प्रवास केला नाही म्हणून कोणाचे पुण्य कमी होत नाही. यात्रेसाठी सावकाराकडून पैसे काढावे, जमीन गहाण टाकावी आणि परत आल्यावर मावंदे घालून आणखी कर्ज करावे, ही रीत आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. धम्माने अशी कोणतीही सक्ती आपणांवर घातलेली नाही. दरमहा थोडी शिल्लक टाकून दोन-तीन वर्षांनी जाता आले तर जावे. कर्ज काढून जाऊ नये. ज्यांनी अजून अजिंठा पाहिले नाही, बुद्धगया पाहिली नाही, त्यांनी ती आधी पाहिली तरी काही बिघडत नाही.

आता नगरीच्या निवडीविषयी. 'सात दिवसांत तीन देश' अशा जाहिराती आपण पाहतो. अशा प्रवासात माणूस देश पाहत नाही. विमानतळ, मोटारगाडी आणि दुकाने एवढेच पाहतो. माझी शिफारस अशी की, सात दिवस एकाच नगरीला द्यावे, आणि ती नगरी उत्तर थायलंडमधील चियांग माई असावी. ही नगरी राजा मंगराय याने १२९६ साली वसविली. लान्ना नावाच्या राज्याची ती राजधानी होती. १५५८ साली ती ब्रह्मी सत्तेखाली गेली, सुमारे दोन शतकांनंतर त्यातून सुटली, मध्यंतरी काही वर्षे ओस पडली, आणि पुन्हा वसली. जुन्या शहराभोवतीचा चौकोनी खंदक आजही पाण्याने भरलेला आहे. या चौकोनाची एक बाजू साधारण दीड किलोमीटरहून थोडी अधिक भरते. म्हणजे म्हातारी माणसे व लहान मुले यांनाही पायी फिरता येईल एवढीच ही जागा आहे, आणि तिच्यात विहारांची दाटी आहे. विहाराला तिकडे 'वाट' म्हणतात. हा शब्द परका मानू नका. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा. आपला 'वाडा' याच मुळातून आलेला आहे. तद्वतच तेथील 'चेदी' म्हणजे आपले चैत्य.

जाण्याचा काळ नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत शेतातील पाचट व डोंगरावरील रान जाळल्यामुळे त्या खोऱ्यात धूर कोंडतो, आणि काही दिवस तेथील हवा जगातील अत्यंत दूषित हवेत मोजली जाते. घरात दम्याचा रोगी किंवा लहान मूल असेल तर हे महिने टाळावेत. शाळेची सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते हे मी जाणतो. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीचा उपयोग करावा, हे बरे.

आता कागदपत्रे. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असली पाहिजे. दीक्षेनंतर आपल्यापैकी अनेकांनी आपले नाव किंवा आडनाव बदलले आहे. ते योग्यच केले. परंतु शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे असे झाले, तर विमानतळावरील अधिकारी आपल्या दीक्षेचा इतिहास ऐकून घेत बसणार नाही. नावबदलाची नोंद राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, त्यानुसार सर्व कागद एकसारखे करा, आणि तिकिटावर पासपोर्टमधील नाव अक्षरशः तसेच घालावयास सांगा. हे काम निघण्याच्या आठवड्यात होत नाही. त्यास महिने लागतात.

व्हिसाचे नियम वारंवार बदलतात. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये; थायलंडच्या वकिलातीच्या अधिकृत सूचना तिकीट काढण्यापूर्वी स्वतः वाचाव्या. १ मे २०२५ पासून त्या देशात उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला आगमनाची माहिती आगाऊ संगणकावरून भरावी लागते. ती उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरावयाची असते आणि तिला कोणतेही शुल्क नाही. जो कोणी तिच्यासाठी पैसे मागतो, तो फसवतो आहे असे समजावे.

प्रवासी कंपनीमार्फत जाणार असाल तर तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नका. एकूण रक्कम किती, तीत कोणते जेवण व कोणते वाहन धरले आहे, राहण्याच्या जागेचे नाव काय, आणि प्रवास रद्द झाल्यास किती पैसे परत मिळतील, या चार गोष्टी कागदावर घ्या. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी ज्यांच्या हाती पावती असते त्यांचे काम सोपे असते, आणि ज्यांच्या हाती फक्त 'साहेब ओळखीचे होते' एवढेच असते त्यांचे काम अवघड असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीच्या गावी धाव घ्यावी लागत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे.

आता दिवसांची आखणी सांगतो.

बँकॉकपर्यंत विमानाने जावे, आणि तेथून चियांग माईला शक्यतो रात्रीच्या आगगाडीने. अंतर ७५१ किलोमीटर आहे; रात्र गाडीतच जाते आणि मुक्कामाचा एका रात्रीचा खर्च वाचतो. सकाळी पडद्याबाहेर भातखाचरे आणि डोंगर दिसू लागतात, तेव्हा कोकणातील माणसाला आपलाच मुलूख आठवेल.

पहिला दिवस खंदकाच्या आतील शहराला द्यावा. पूर्वेच्या था फे दरवाज्यातून आत शिरावे आणि वाट चियांग मान या सर्वांत जुन्या विहारात जावे. मंगरायाने शहर बांधले तेव्हा त्याचा मुक्काम येथे होता, असे सांगतात. तेथील १५८१ सालच्या शिलालेखात नगराच्या स्थापनेची तिथी कोरलेली आहे. मुलांना तो दगड अवश्य दाखवा आणि सांगा की, इतिहास हा कोणाच्या तोंडून ऐकावयाचा नसतो. तो असा तपासून घ्यावयाचा असतो. या पहिल्याच दिवशी एक गोष्ट आपल्या ध्यानात येईल. आपण चपला काढून विहारात शिराल, बुद्धमूर्तीपुढे बसाल, आणि आपणांस कोणीही विचारणार नाही की तुमचे आडनाव काय, गाव कोणते, आणि त्या गावात तुमचे घर कोणत्या बाजूला आहे. ज्यांच्या आजोबांनी देवळाच्या पायरीखाली उभे राहून नमस्कार केला, त्यांना या न विचारण्याचे मोल मी सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठावे. भिक्खू अनवाणी रांगेने भिक्षेस निघतात. भिक्षा घालावयाची असेल तर चपला काढाव्या, अन्न शांतपणे पात्रात ठेवावे आणि हात जोडून बसावे, म्हणजे ते आशीर्वचनाच्या पाली गाथा म्हणतात. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श होऊ देऊ नये, हा तेथील विनयाचा नियम आहे. भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत, म्हणून सायंकाळी अन्नदान करू नये. आणि कृपा करून त्यांच्या तोंडासमोर छायाचित्राचे यंत्र धरू नका. दुसऱ्याच्या नजरेला केवळ तमाशा होणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणास ठाऊक आहे? त्यानंतर वाट फ्रा सिंग पाहावे. तेथील लहान विहाराच्या भिंतींवर जुन्या चित्रकारांनी सामान्य लोकांचे कपडे, घरे, बाजार आणि थट्टामस्करी रंगविली आहे. अजिंठ्याच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.

तिसऱ्या दिवशी खंदकाबाहेर वायव्येस असलेल्या वाट चेत योत येथे जावे. प्रवासी येथे कमी येतात, पण आपण चुकवू नये असे हे ठिकाण आहे. राजा तिलोकराज याने १४५५ साली हा विहार बांधावयास घेतला, आणि त्याचा नमुना बुद्धगयेच्या महाबोधी विहाराचा आहे. माथ्यावर सात शिखरे आहेत. 'चेत योत' याचा अर्थच सात शिखरे असा आहे. १४७७ साली येथे भिक्खूंची परिषद भरून तिपिटकाची प्रत शोधून शुद्ध करण्यात आली. थाई परंपरा तिला आठवी धम्मसंगीती मानते. जेव्हा आपल्या भूमीतून धम्म जवळजवळ पुसला गेला होता, तेव्हा हजारो मैलांवरचे लोक बुद्धगयेची आठवण विटांमध्ये बांधत होते आणि पालीचे एकेक अक्षर तपासत होते. बुद्धगयेतील मूळ विहार मात्र १९४९ च्या कायद्याप्रमाणे बौद्ध व हिंदू सभासदांच्या संयुक्त समितीच्या ताब्यात आहे, आणि तो पूर्णपणे बौद्धांच्या हाती यावा ही मागणी अजून पुरी झालेली नाही. वाट चेत योतच्या सावलीत बसून मुलांना हेही सांगा.

चौथा दिवस दोई सुथेप डोंगराचा. सुमारे हजार मीटर उंचीवर सोन्याने मढविलेले चेतिय आहे, आणि शेवटच्या तीनशेहून अधिक पायऱ्या चढून तेथे जावे लागते. पांढऱ्या हत्तीने ही जागा निवडली, ही दंतकथा तेथे ऐकावयास मिळेल. मला त्या हत्तीपेक्षा तेथवर जाणाऱ्या रस्त्याची कथा मोलाची वाटते. पूर्वी वर जाण्यास पायवाटच होती. क्रुबा श्रीविजय नावाच्या भिक्खूंनी लोकांना हाक दिली, आणि नोव्हेंबर १९३४ ते एप्रिल १९३५ या काळात हजारो माणसांनी मजुरी न घेता, सरकारी पैशावाचून, सुमारे अकरा किलोमीटरचा रस्ता डोंगरातून काढला. हेच श्रीविजय त्यापूर्वी अनेक वेळा स्थानबद्ध झाले होते. बँकॉकच्या सत्तेने १९०२ साली संघाचा कायदा करून, प्रव्रज्या कोणी द्यावी हे वरून ठरविण्याची पद्धत घातली होती. श्रीविजयांनी आपल्या मुलखाच्या जुन्या परंपरेप्रमाणे परवान्यावाचून दीक्षा दिल्या, हा त्यांचा गुन्हा. संघ आणि सत्ता यांचा संबंध कसा असतो, हे समजण्यासाठी वकिलाला यापेक्षा चांगला खटला सापडावयाचा नाही. वर जाण्यास लाल रंगाच्या सोंगथेव मिळतात. दोन समोरासमोर बाक असलेली ही गाडी म्हणजे आपल्याकडील वडापच. बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे.

पाचव्या दिवशी सुमारे २६ किलोमीटर दक्षिणेस लाम्फून येथे जावे. वाटेत वियांग कुम काम ही मंगरायाची आधीची राजधानी लागते. पिंग नदीच्या पुराने ती गाडली गेली. १९८४ पासून तिचे उत्खनन होऊ लागले. लाम्फून म्हणजे प्राचीन हरिपुंजय. परंपरा असे सांगते की, या राज्याची पहिली शासनकर्ती चामादेवी नावाची स्त्री होती, आणि तिने आपल्याबरोबर भिक्खू व विद्वान आणून तेथे धम्म रुजविला. चामादेवीचे नाव लक्षात ठेवा. पुढे मला तिची साक्ष काढावयाची आहे.

सहाव्या दिवशी पुन्हा शहरात वाट चेदी लुआंग पाहावे. हे चैत्य पंधराव्या शतकात पूर्ण झाले तेव्हा सुमारे ८० मीटर उंच होते. १५४५ च्या भूकंपात त्याचा माथा कोसळला. आज बँकॉकमध्ये असलेली प्रसिद्ध पाचूची बुद्धमूर्ती एके काळी याच चैत्याच्या कोनाड्यात होती. भग्न असूनही, किंबहुना भग्न असल्यामुळेच, ते मनाला स्तब्ध करते. या विहाराच्या आवारात तरुण भिक्खू परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीतून बोलावयास बसतात. हा संवाद प्रवासातील सर्वांत मौल्यवान तास ठरू शकतो. हे तरुण बहुधा गरीब शेतकरी घरांतून आलेले असतात. काही लाओस, कंबोडिया व ब्रह्मदेश येथून येतात. विहार हीच त्यांची शाळा आणि विहार हेच त्यांचे वसतिगृह. त्यांना आपला परिचय द्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय घडले, ते सांगा. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची मूळ इंग्रजी प्रत त्यांना भेट द्या. आपणच शिष्य आणि तेच गुरू, अशा भावनेने जाऊ नका. आपणांजवळही सांगण्यासारखे काही आहे.

सातवा दिवस विश्रांती, बाजार आणि परतीचा. येथे दोन कायद्याच्या सूचना. बुद्धमूर्ती त्या देशाबाहेर नेण्यास तेथील ललितकला खात्याचा परवाना लागतो; विमानतळावर मूर्ती अडविली गेली तर दुकानदार मदतीला येत नाही. आणि राजघराण्याविषयी अनुदार शब्द बोलणे हा तेथे गंभीर गुन्हा आहे. त्यास तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा सांगितली आहे. थट्टेनेसुद्धा तो विषय काढू नये. ज्यांना निव्वळ शाकाहार हवा त्यांनी 'मांगसविरत' हा शब्द पाठ करावा. तो आपल्या 'मांसविरति' या शब्दाचेच थाई रूप आहे. त्याशिवाय भाजीतसुद्धा माशाचा रस पडतो.

आखणी येथे संपली. आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा आहे त्या गोष्टीकडे वळतो.

वाट चेदी लुआंगच्या आवारातच एक लहान, सुरेख इमारत आहे. तिच्यात नगराचा 'इंथाखिन' खांब आहे. राजा काविल याने १८०० साली तो येथे आणविला. या इमारतीच्या दाराशी पाटी आहे, तिचा आशय असा की स्त्रियांनी आत येऊ नये. कारण सांगतात ते मासिक पाळीचे : तिच्यामुळे त्या जागेचे सामर्थ्य उणावते. उत्तर थायलंडमध्ये अशी बंदी असलेल्या जागा आणखीही आहेत.

बंधूंनो, सहा दिवस आपण आपल्या मुलीचा हात धरून प्रत्येक विहारात शिरलात. सहाव्या दिवशी या दाराशी ती पाटी वाचील. ती शिकलेली आहे, इंग्रजी वाचते. ती आपणांस विचारील : 'बाबा, आपण बौद्ध झालो ते अशा पाट्या संपाव्या म्हणून ना?' आपण तिला काय उत्तर देणार? हे उत्तर आपणांपाशी तयार असावे, याचसाठी मी हे व्याख्यान देत आहे.

एक उत्तर फार सोपे आहे, आणि फार घातक आहे. 'हा प्राचीन बौद्ध देश आहे, आपण काल-परवाचे बौद्ध. त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते.' हे उत्तर आपण दिले तर ती मुलगी घरी एक नवा विटाळ घेऊन येईल, आणि तो विटाळ धम्माच्या नावाने येईल. आपण ज्या घरातून कोपऱ्यात बसणे, शिवाशिव आणि वेगळे भांडे ही सारी अडगळ एकदा बाहेर टाकली, त्या घरात ती विमानाने परत येईल.

कायद्याच्या अभ्यासकाला रूढी आणि नियम यांतील भेद प्रथम शिकवितात. एखादी गोष्ट पुष्कळ लोक पुष्कळ दिवस करीत आले, एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही. ती रूढी आहे असे म्हणणाऱ्याला तीही सिद्ध करावी लागते. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात सवर्णांनी अनादि रूढीचाच आधार घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली ती रूढी सिद्ध होत नाही असा निकाल दिला, आणि बाबासाहेबांचा पक्ष खरा ठरला. तीच कसोटी या दाराला लावा. 'इंथाखिन' हा शब्द पाली 'इंदखील', म्हणजे इंद्राचा खांब, यावरून आलेला आहे. हा नगररक्षक खांबाचा जुना लोकाचार आहे. विहाराच्या आवारात आला म्हणून तो धम्म झाला नाही. पंचशीलात विटाळ नाही. अष्टांगमार्गात विटाळ नाही. तथागतांनी स्त्रियांना संघात प्रवेश दिला, आणि महाप्रजापती गौतमी या पहिल्या भिक्खुनी झाल्या. आणि त्या पाटीपासून २६ किलोमीटरवर, जिने तेथे धम्म रुजविला असे तेथील लोक अभिमानाने सांगतात, ती चामादेवी स्त्रीच होती. ती आज आली तर तिलाही या दाराबाहेरच थांबावे लागेल. ही तिची साक्ष.

असे आणखीही दाखले आपणांस दिसतील. तेथे बहुतेक घरांपुढे आणि दुकानांपुढे भूमिदेवतेचे छोटे देव्हारे असतात. विहारात ताईत विकले जातात, काड्या हलवून भविष्य पाहिले जाते. ज्या १९५६ साली आपल्या लोकांनी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याच साली बँकॉकमध्ये एका हॉटेलाच्या बांधकामावरील विघ्ने टळावीत म्हणून ब्रह्मदेवाचे देवालय उभारण्यात आले. आजही तेथे गर्दी असते. हे पाहून त्या लोकांना हसू नका. ते सज्जन, अतिथ्यशील आणि शीलवान लोक आहेत, आणि शतकानुशतके त्यांनी तिपिटक सांभाळले म्हणून ते आपल्या हाती आले. पण बौद्ध देशात जे जे दिसते ते सर्व धम्म नव्हे. बावीस प्रतिज्ञा विमानतळावर ठेवून जावयाच्या नसतात.

मग त्या दाराशी करावयाचे काय? तीन पर्याय आहेत. दार लोटून आत शिरणे हा पहिला. तो मला मान्य नाही. आपण त्या देशात पाहुणे आहोत. काळाराम मंदिरापुढे १९३० साली जो सत्याग्रह झाला तो आपल्या स्वतःच्या देशात, स्वतःच्या हक्कासाठी होता. तेथील दार उघडण्याचा हक्क आणि मान तेथील भगिनींचा आहे, आणि त्या गप्प बसलेल्या नाहीत. १९२८ सालच्या आदेशाने थायलंडमधील भिक्खूंना स्त्रियांस भिक्खुनीची उपसंपदा देण्यास मनाई आहे. तरीही धम्मानंदा या विदुषींनी श्रीलंकेत जाऊन २००३ साली उपसंपदा घेतली. खुद्द चियांग माई प्रांतात, चोम थोंग येथे, निरोधाराम नावाचा भिक्खुनींचा आराम आहे. ज्यांना एक दिवस अधिक काढता येईल त्यांनी शहरापासून सुमारे ६० किलोमीटर जाऊन, आधी विचारणा करून, तेथे अवश्य दान द्यावे. आपल्या मुलींना चीवर धारण केलेल्या स्त्रिया पाहू द्या.

दुसरा पर्याय असा की, पुरुषांनी आत जाऊन यावे आणि स्त्रियांनी बाहेर सावलीत थांबावे. बहुतेक प्रवासी असेच करतात. वेळ पाच मिनिटांचाच असतो, वादही होत नाही. परंतु त्या पाच मिनिटांत मुलगा शिकतो की आपण आत जाऊ शकतो, आणि मुलगी शिकते की आपण जाऊ शकत नाही. हे शिक्षण घेण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. ते गावातच फुकट मिळत होते.

माझी शिफारस तिसऱ्या पर्यायाची आहे. त्या दाराशी कुटुंबातील पुरुषांनीही आत जाऊ नये. बापाने, भावाने, आजोबांनी मुलीच्या शेजारी उभे राहावे. भांडू नये, मोठ्याने बोलू नये, पाटीला हात लावू नये. फक्त सर्वांनी मिळून मागे वळावे आणि त्या भग्न महाचैत्याला प्रदक्षिणा घालावी. तेथे कोणाला बंदी नाही. सायंकाळी तरुण भिक्खूंशी बोलावयास बसाल तेव्हा तिलाच हा प्रश्न विचारू द्या. ती नम्रतेने विचारील, आणि ते विचारी असतील तर विचार करतील. एका कुटुंबाच्या न जाण्याने ती पाटी निघणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या घरातील पाट्या निघाल्या की नाहीत, हे त्या क्षणी आपल्या मुलीला कळेल.

प्रवासाच्या सामानाच्या यादीत आपण पासपोर्ट लिहाल, औषधे लिहाल, उबदार कपडे लिहाल. त्या यादीच्या शेवटी एवढे लिहा : जेथे आपल्यापैकी एकाला प्रवेश नाही, तेथे कोणीच जाणार नाही. निघण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून हे ठरवावे, आणि त्या बैठकीत मुलीचे मत प्रथम घ्यावे.

परत याल तेव्हा चेत योतची सात शिखरे आठवणीत घेऊन या. पहाटेच्या भिक्षेची शांतता घेऊन या. श्रीविजयांच्या रस्त्यावर विनामजुरी राबलेल्या हजारो हातांची गोष्ट घेऊन या, आणि आपल्या वस्तीतील अर्धवट राहिलेल्या विहारासाठी तिचा उपयोग करा. ताईत तेथेच राहू द्या. विटाळही तेथेच राहू द्या.

आपला प्रवास सुखाचा होवो. जयभीम.